तेरावा रकाना

ओउलूत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
खिडकीबाहेर बर्फ,
टेबलावर एकशे सेहेचाळीस दात,
म्हणजे त्यांच्या हकिकती,
दोन-दोन पानांच्या, छापून आलेल्या :
घसरगाडीवरून पडलेले,
हॉकीच्या काठीनं उखडलेले,
एक घोड्याच्या लाथेनं,
एक नवऱ्याच्या हातून,
त्याला लेखकांनी 'घरगुती अपघात' म्हटलंय.

माझं काम आता दातांचं नाही, सांगण्याचं.
कुणी किती सांगितलं आणि किती गिळलं
ते रकान्यांत भरायचं.
आहे. नाही. अर्धवट.

दात किती मिनिटं कोरडा होता? नोंद नाही.
कशातून आणला, दुधातून, थुंकीतून, हातमोज्यातून?
नोंद नाही.
पाच वर्षांनी कसा आहे?
हकिकत सहा महिन्यांपाशीच थांबते,
हिरडी गुलाबी, लेखक खूश.
फोटो मात्र सगळ्यांचे उत्तम.
ओठ दोन्हीकडून ताणलेले,
डोळ्यांवर काळी पट्टी.

रीइटा कॉफी ठेवून जाते.
दात कोरून पोट भरत नाही,
हे ती बोलत नाही, कप ठेवते त्या आवाजात असतं.

क्रमांक एकशे बारा माझाच निघाला.
सत्त्याण्णव सालचा.
'नऊ वर्षांचा निरोगी मुलगा. वरचा मधला दात
परत बसवला. निकाल समाधानकारक.'
आपलं आपण तपासायचं नाही असा नियम,
म्हणून तो रीइटाकडे गेला.
तिनं भीडभाड ठेवली नाही : तीसपैकी अकरा.
तेराव्या रकान्यात,
रुग्णाचं स्वतःचं म्हणणं,
तिची बारीक तिरकी रेघ.

मग जे करू नये ते मी केलं.
नाव जुन्या वहीत होतं,
माणूस सापडायला दोन संध्याकाळी गेल्या.
यार्क्को केमीला रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो.
मागं इंजिन घरघरत होतं.

"तो दात? तो पंधराव्या वर्षी गेला की.
मूळ विरघळलं म्हणाले. आता आहे तो विकतचा."
मी लिहून घेत होते, कशावर कोण जाणे.
"आमच्या कुत्रीनं शोधला होता, बर्फात नाक खुपसून.
आई आणि शेजारीण भांडत होत्या,
सायीचं दूध की बिनसायीचं.
मी तोंडाला टॉवेल लावून ऐकत होतो."
जरा थांबून म्हणाला,
"तुम्ही म्हणालात, बोलू नकोस, तार हलेल.
अकरा दिवस बोललो नाही मी.
शाळेत हजेरीलासुद्धा नुसता हात वर."

मला आठवत नव्हतं.
मी म्हणाले असेन. सगळ्यांनाच म्हणायचे.

"हे आहे का तुमच्या कागदात?"
"नाही."
"बरं." मग बराच वेळ इंजिनच.
"आणि फोटो?"
"आहे. डोळ्यांवर पट्टी लावून."
"म्हणजे मला लाज वाटत होती ते उघडं ठेवलंत,
आणि डोळे झाकलेत."
तो हसत होता, रागावला नव्हता.
पुढं वळण आहे म्हणाला, फोन ठेवला.

फोनवरचं मोजता येत नाही.
छापलंय तेवढंच धरायचं, हाही नियम,
आणि तो मीच केलेला.
कुत्री कुठल्याच रकान्यात बसत नाही.
अकराचे अकराच राहिले.

एकशे तेरा : इझमीर. मुलगी, सात वर्षांची.
झोक्यावरून पडली. फोटो चार, सगळे स्वच्छ.
'निकाल समाधानकारक.'
कुणाला? मी मोठ्यानं विचारते.
कॉफी केव्हाच गार झालीय.
पट्टीच्या खालच्या कडेला, छापखान्याच्या चुकीनं,
पापणीचं एक टोक दिसतंय.