पाण्याच्या खात्यातला कारकून

नियमांच्या पुस्तकात ड्रॅगनचं एक पान होतं.
पंख, आग, सोन्याच्या ढिगावरची झोप,
आणि खाली कोपऱ्यात आकडा:
इतके घाव बसले, की मेला.
शूयूनने त्यावर तांदळाच्या खळीने कोरा कागद डकवला
आणि पेन्सिलीने लिहिलं,
पंख नाहीत. लागत नाहीत.

वानचौमधली नूडल्सच्या दुकानावरची खोली,
दर गुरुवारी आम्ही चौघं.
खालून मिरचीचा खाट वर येतो,
फासे टाकताना कुणीतरी शिंकतंच.
छ्यू बोवन दिवसा मोबाइल दुरुस्त करतो, इथे चोर.
रुओलान दातांच्या दवाखान्यात मदतनीस,
इथे तिचा भाला दोन पुरुष उंच.
मी घाटावर नदीची पातळी मोजतो, सकाळ-संध्याकाळ,
आणि खेळातही मला दुसरं काही सुचलं नाही:
मी नावाडी झालो.

तर हा लुंग काही मोठा नव्हता.
एका वळणाचा, एका डोहाचा अंमलदार,
नवव्या श्रेणीतला, बढती तीनशे वर्षं अडकलेली.
हरणाची शिंगं, त्यातलं एक टोक मोडकं,
कार्प माशाचे खवले, ओल्या लांब मिशा,
आणि आवाज (शूयूनने काढला तो)
सर्दी झालेल्या हेडमास्तरांचा.
म्हणाला, पाऊस पाहिजे तर अर्ज करा.
तीन प्रती.
वरून शिक्का येईपर्यंत
माझ्या हातात थेंबसुद्धा नाही.

रुओलानने भाला खाली ठेवला.
अर्जाला भाल्याने कुठे भोसकणार?

मी विचारलं, हनुवटीखालचा तो एकच खवला
उलटा का आहे?
‘तिथे बोट लावू नका,’ तो म्हणाला,
आणि त्या रात्री पहिल्यांदा
बराच वेळ कुणी शिंकलं नाही.

बोवनचा डोळा मोत्यावर.
मोती म्हणजे शूयूनच्या कोटाचं निळं काचेचं बटण,
तिने तेवढ्यासाठी दाताने दोरा तोडून काढलेलं.
त्याने फासा टाकला.
वीस.
वीस पडल्यावर कोण कुणाचं ऐकतं?
बटण उचललं, मुठीत दाबलं,
आणि आम्ही ओरडलो, मीसुद्धा.

लुंग चिडला नाही.
म्हणाला, ‘नोंद करावी लागेल.’

आता नदीबद्दल सांगायचं राहिलं.
टेबलावरची नदी चहाची होती.
शूयून बोलता बोलता कपात बोट बुडवायची,
वळण ओढायची, पुन्हा बुडवायची,
तीन तासांत तिने ती एकदाही सुकू दिली नव्हती
आणि आमच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.
तिने हात मांडीवर ठेवले.

आधी उगमाकडची रेघ गेली.
मग गावाजवळची.
डोह जरा तग धरून होता, फुगीर, दिव्याखाली चकाकत,
मग तोही कडेकडेने आत ओढला गेला.
उरला तपकिरी वळ,
आणि त्यावर चहाची एक पत्ती, आडवी.
ती माझी होडी होती.

‘मग आता?’ बोवनने विचारलं.
‘आता गुरुवारी,’ म्हणून ती उठली,
कोट छातीशी एका हाताने धरून जिना उतरली.
बाहेर वारा होता.

सकाळी घाटावर गेलो.
पट्टीवर कालचाच आकडा.
वहीत लिहिला, सही केली,
चार पायऱ्या चढून परत फिरलो
आणि पुन्हा वाकून पाहिला.

सोमवारी बोवनच्या टपरीवर गेलो,
फोनची काच बदलायचं निमित्त.
स्क्रू, पिना, सुट्टी नाणी,
त्यांच्यात एक वाटी, वाटीत पाणी,
पाण्यात ते निळं बटण.
‘धूळ बसते फार,’ तो मान वर न करता म्हणाला.
मी काही बोललो नाही.
सवयीने पातळी तेवढी पाहिली.
दोन बोटं.