शनिवार, दहा ते एक

बेटावर औषधाचं दुकान एकच,
आणि गल्ल्यावर मोर्व्हनची आत्या.
म्हणून आम्ही फेरीबोटीनं ओबनला.
घरी सांगितलं, बूट बघायला.

दवाखान्याचा जिना चढताना ती पुटपुटत होती,
एकेचाळीस तास, एकेचाळीस,
पाढा अडलेल्या पोरीसारखी.

नर्सनं वय विचारलं. सोळा.
मला आत राहू दिलं, तिला हवी होते म्हणून.
मग दार लोटून, हळूच:
"तुझ्या मनाविरुद्ध नव्हतं ना?"
"नव्हतं," मोर्व्हन म्हणाली
आणि पहिल्यांदा वर बघितलं.
"आईला कळवाल?"
"ते तू सांगायचं. सांगावंसं वाटलं तर."

एक गोळी. कागदी पेल्यात पाणी. पैसे नाहीत.
एवढंसंच?

"तीन तासांत उलटी झाली तर परत ये,"
नर्स म्हणाली,
आणि खिडकीतून समुद्राकडे बघत राहिली.

परतताना लाटा अशा
की डेकवरचे कोळीसुद्धा खाली गेले.
मोर्व्हन कठडा धरून, दात आवळून,
क्षितिजाला डोळ्यांनी घट्ट पकडून उभी.
मी घड्याळ बघत.

धक्क्यावर तिची आई.
"मिळाले का गं बूट?"
"मापाचे नव्हते," मीच म्हणाले,
कारण मोर्व्हन तोंड उघडत नव्हती.

अजून वीस मिनिटं होती.