चार लेखण्या

नेब्रास्कात, स्कॉट्सब्लफ गावी, शेरीफच्या कचेरीमागे
एक बिनखिडकीची खोली होती.
तिथे एकतीस वर्षं माझे वडील, डेल्बर्ट ह्रुस्का,
परक्यांच्या छातीला नळ्या बांधत आले.
एक नळी छातीवर, एक पोटावर,
दंडाला पट्टा, दोन बोटांना दोन टोप्या,
आणि सरकत्या कागदावर चार लेखण्या,
शाई ओली.

"यंत्राला खोटं कळत नाही," ते म्हणायचे
बटाटे सोलता सोलता.
"त्याला घाम कळतो. श्वास कळतो.
बाकीचं खुर्चीतला माणूस आपल्या मनानं भरतो."

म्हणून आधी पत्त्यांचा खेळ.
एक पत्ता काढा, मला दाखवू नका,
मी कुठलाही आकडा विचारला तरी 'नाही' म्हणा.
मग चष्मा कपाळावर सरकवून, कागदाकडे बघत:
"सात."
समोरचा पांढराफटक.
त्या गड्डीत सगळे सत्तेच होते, हे मला
आठव्या वर्षी त्यांचा ड्रॉवर उचकताना कळलं.

खरा प्रश्न एकच असतो: पैसे तू घेतलेस का?
त्याच्या आजूबाजूला पेरलेले दुसरे:
भरवसा टाकणाऱ्याला कधी फसवलंस?
याला सगळेच 'नाही' म्हणतात, आणि सगळेच खोटं बोलतात.
ते खोटं हवंच असतं. तेच माप.
चोर पैशाच्या प्रश्नाला जास्त थरथरतो,
साव या दुसऱ्याला.
असं पुस्तकात.

तर यंत्राला चकवायचं असेल
(हे मी सोळाव्या वर्षी घरबसल्या शिकले)
तर पैशाच्या प्रश्नाला काहीच करायचं नाही.
दुसऱ्याला जीभ चावायची,
बुटात टाचणी ठेवून अंगठा दाबायचा,
नाहीतर पाचशेमधून सात-सात वजा करत जायचं.
डोंगर सपाट करता येत नाही;
शेजारी त्याहून मोठा उभा करायचा.
कधी जमतं.
कधी परीक्षक आधी बूट काढायला लावतो.

खाई त्याला खवखवे म्हणतात.
ऑर्व्हल डिट्रिख, बीटच्या साखर कारखान्याचा हिशेबनीस,
काही न खाता खवखवला.
नऊशे डॉलर. आदल्याच आठवड्यात बायको गेलेली.
'पैसे' म्हटलं की त्याला दवाखान्याचं बिल दिसे
आणि लेखणी कागदाबाहेर जाई.
नोकरी गेली. दोन वर्षांनी खरा चोर सापडला,
त्याचाही आलेख वडिलांनीच काढलेला,
तळ्यासारखा शांत.
त्या रात्री त्यांनी बटाटे सोलले, आणि सोलतच राहिले.
तिघांच्या घरात बारा माणसांचे बटाटे.

गेल्या मार्चात पट्टा त्यांच्याच दंडाला.
इस्पितळाच्या पडद्यावर हिरवी रेघ,
अर्धं तोंड वाकडं, शब्द एकेक करून:
"तुझ्या आईनं. शेवटी. माझं नाव घेतलं?"

आई सहा वर्षांपूर्वी, पाचशे मैलांवर,
तिच्या बहिणीच्या घरी वारली.
नाव घेतलं होतं तिनं.
कुत्र्याचं.

"हो," मी म्हणाले.
म्हणताना बुटात अंगठा दाबला, सवयीनं,
आणि दाबताक्षणी कळलं,
चुकीच्या प्रश्नाला दाबला.

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते.
चेहऱ्याकडे ते कधीच बघत नसत.
माझ्या स्वेटरच्या तिसऱ्या बटणाकडे बघत होते,
श्वास जिथे अडकतो तिथे.
पडद्यावरची रेघ त्यांची.
ती चढली नाही, उतरली नाही.

"सात," ते म्हणाले,
आणि चांगल्या हातानं
आपली जेलीची वाटी माझ्याकडे सरकवली.