सुकती

बालवाडीचे बाक एवढेसे
की गुडघे हनुवटीला टेकतात.
गुरुवारी, शेवटची तर लागली की,
आम्ही सात जण तिथे बसतो.
भिंतीवर द दप्तराचा.
इनास पहिल्या दिवशी म्हणाला,
‘आपण सगळे हयच नापास.’
हसलो. मग खूप वेळ कोणी बोललं नाही.

नियम एकच : उपाय सांगायचा नाही.
उपाय सगळ्यांचे करून झालेत.
शेवंतीला भगताने राखणदाराचा कोप सांगितला,
दिराने कोंबडा दिला,
ओरोसच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या लागूही पडल्या,
तरी तिन्हीसांजेला विहिरीकडे पाठ करूनच बसते, म्हणाली.
मुकादम चाचांनी घेतलेल्या शपथा
मोजायला वेगळी वही लागेल.
कोणी बोललं की बाकीचे
गाऱ्हाण्याला म्हणतात तसं ‘व्हय’ म्हणतात.
महाराजा कोणी नाही इथे. नुसतं व्हय.
इनासही म्हणतो, चर्चमधल्या आवाजात.

पौषात एका रात्री अडीच वाजता
त्याचा फोन. ‘सत्या, तर चालू आसा?’
दहा वर्षं मी ही तर हाकतो,
अडीचला ती चालू नसते
हे तळाशिलातलं कुत्रंही सांगेल.
‘आसा,’ म्हटलं. ‘येतंय.’

घाईत पाण्याकडे पाहिलं नाही.
सुकती लागली होती.
खाडीच्या पार मध्याच्या पुढे
होडी चिखलात बसली, बांबू रोवला तो निघेना.
समोर रेवंडीच्या धक्क्यावर त्याची बॅटरी,
तीस-चाळीस हातांवर.
आणि सोडवायला निघालेला मी
हा असा.
ओरडलो, ‘इनास, अडाकलंय रे!’
बॅटरी हलली नाही.
मग हसण्याचा आवाज आला,
रडण्याच्या अगदी शेजारचा.

तो चिखलातून आला, मांडीभर रुतत,
दोन्ही हात पसरून तोल सांभाळत.
दोन्ही हात.
म्हणजे बाटली धक्क्यावर राहिली असणार.
विचारलं नाही.

सुकतीत होडी ढकलायची नसते.
बापाने शिकवलंय, जोर लावशील तेवढी खोल जाईल.
बसलो.
त्याने चिखलाचे पाय नाळीवर टाकले.
खेकडे बाहेर आले होते, त्यांचं चालणं ऐकू यायचं.
म्हणाला, मुलगी मस्कतहून फोन करते
तेव्हा उचलण्याआधी मी गुळणी करतो,
वास तारेतून जाईल म्हणून.
मी म्हटलं, व्हय.
बराच वेळाने म्हणाला, थंडी आसा.
त्यालाही व्हय.

पाचच्या सुमाराला पाण्याने तळाला बोट लावलं.
होडी एकदा हलली, झोपेत कुशीवर वळावी तशी.
बांबू त्यानेच घेतला.

गुरुवारी त्याने सगळं सांगितलं,
गुळणीचंसुद्धा. ‘सत्या इलो म्हणान,’ म्हणाला.
सगळे माझ्याकडे बघायला लागले
देवळात नव्या घंटेकडे बघतात तसे.
कोणी विचारलं नाही
की अडीच वाजता पहिल्याच रिंगला
मी फोन कसा उचलला,
तेव्हा कुठे उभा होतो,
कुठल्या कपाटाचं दार
उघडं होतं माझ्यासमोर.

त्या बाकावरून उठायचं तर
आधी गुडघे सोडवावे लागतात.
मी उठलो नाही.
‘माकाय सांगूचा आसा,’ म्हटलं.
शेवंतीने पंखा बंद केला,
नीट ऐकू यावं म्हणून.