टिंडल, एक

लेक रात्रपाळी करून आली आणि पडदे ओढून झोपली.
हॉस्पिटलचे बूट दाराशी, एक उताणा, एक पालथा.
मी कप विसळते, कडी वाजू न देता बाहेर पडते.
प्लिमथच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली
की मला नाळेवर बसल्यासारखं वाटतं.
वय सदुसष्ट, कुणी बघत नाही.

रस्ता उतरत उतरत पाण्याशी संपतो, तिथं किल्ला.
आता म्युझियम.
खिडकीतली मुलगी विचारते, आडनाव?
तांडेल.
पुन्हा सांगाल?
मी अक्षरं सुटी करून देते,
मासळीचे वाटे घालावे तशी, एकेक, हात आखडता न घेता.
तरी पासावर एक कमीच भरतं.

किल्ला म्हणजे मला पाण्यातला ठाऊक.
भरतीला पायऱ्या गिळणारा,
तोफेच्या तोंडात पाखरांचं बाळंतपण.
इथं तोफेला पॉलिश
आणि तोंडात लाकडी बूच,
पोरं चिप्सचे कागद कोंबतात म्हणून.
हे मला मिस्टर पॅस्को सांगतात.
आठवड्यातून दोन दिवस, बिनपगारी.
डावा कान नौदलात ठेवून आले,
म्हणून म्हणतात, उजवीकडून बोला.

दारूकोठारात आता गारवा आणि कपाटं.
एका जहाजाची फळी, दोरीमागे, चिठ्ठीवर: सागवान, पूर्वेकडून.
मी वाकून वास घेते.
काहीच नाही.
दोनशे वर्षं मीठ खाल्लं या लाकडानं,
कुणाच्या मिठाला जागलं
ते फळीवर लिहिलेलं नाही.

शेजारी काचेत एक वही उघडी.
तपकिरी शाई, लफ्फेदार हात.
कप्तानाचं नाव आहे, सुताराचं आहे,
सुताराच्या पोराचंही आहे, वय अकरा.
मग एक रेघ, पट्टी लावून मारलेली.
रेघेखाली:
टिंडल, एक.
लास्कर, बावीस.
स्वयंपाकी, एक.
शेळ्या, चार.

टिंडल म्हणजे? मी विचारते, माहीत असून.
खलाशांचा मुकादम, पॅस्को म्हणतात, तुमच्याकडचाच शब्द.
मग हसतात. माझ्या बायकोचं माहेरचं आडनाव टिंडल.
चार पिढ्या यॉर्कशर, मेंढ्या आणि पाऊस.
मी तिला चिडवायचो, तुझा पणजोबा
पगडी घालून शिडावर चढत असणार म्हणून.
चिडवायचो, म्हणतात ते. मी पुढचं विचारत नाही.

माझा पास दाखवते.
ते चष्मा वर सरकवून डोळ्यांशी धरतात,
बराच वेळ.
जवळजवळ, म्हणतात.

मी त्यांच्या डाव्या अंगाला उभी.
मालवणीत म्हणते,
ह्यो आमचोच कोणतरी असतलो. नसलो तर नसलो.
ते मान हलवतात, न ऐकू आलेला भला माणूस हलवतो तशी,
आणि मला ओलं व्हायचं नसेल तर
तटावर आत्ताच जा, असं सुचवतात.

तटावर वारा. खाली एक फेरी वळते,
माणसं रेलिंगला टेकलेली. मी मोजायला लागते,
एक, दोन, सात, आणि लाज वाटून थांबते.
फोन वाजतो. आई, कुठं आहेस? येताना कांदे.

बसमध्ये मात्र तो टिंडल आठवत नाही,
त्याचं तोंड मला आणताच येत नाही.
आठवतात शेळ्या.
बावीस माणसं, महिनोन्‌महिने पाणीच पाणी,
आणि शेळीला कुणी नाव दिलं नसेल?
असं होत नाही.
पहाटे धार काढताना कुणीतरी हाक मारलीच असणार,
वहीवाला झोपलेला असताना.
मी नावं लावत बसते:
बांडी. चांदी. एक कानतुटकी, तिला रखमा.
चौथीला काही केल्या सुचत नाही,
आणि स्टॉप मागे जातो,
कांद्याचं दुकानही.