टाकी भरली

त्रिमूर्तीनगरातली आमची स्कीम. सोळा फ्लॅट, एक मोटर,
आणि बटण जिन्याखाली, सगळ्यांना सारखंच दूर.
टाकी भरून वाहू लागते
ते सोळा घरांत एकदम ऐकू येतं
आणि सोळा घरांत एकदम वाटतं, करेल कोणीतरी बंद.
मागच्या भिंतीवर पाण्यानं हिरवा पट्टा काढलाय,
त्यात आता पिंपळ उगवलाय वीतभर.

मी हेच शिकवते. बी.ए. दुसरं वर्ष, सकाळची बॅच.
दहा माणसं बघत असली
तर प्रत्येकाच्या वाट्याला जबाबदारी येते एक दशांश,
आणि एक दशांशानं कोणी खुर्चीतून उठत नाही.
पोरं उतरवून घेतात.
पाच मार्कांना हमखास येतं.

नवतप्याचा चौथा दिवस होता. रात्रीही भिंती तापलेल्या.
सात नंबरचे गोमासे काका न्हाणीत घसरले.
एकटेच. दाराला आतून कडी.
रात्रभर ओरडत होते,
"कोणी आहे का? अरे, कोणी आहे का?"

मला आलं होतं ऐकू. लिहून टाकते एकदा.
कूलर तीनवर होता, वाळ्याच्या ताट्यांतून वारा भणभणत होता,
त्या भणभणीत मला तो टीव्ही वाटला.
आठवाल्यांना वाटलं, मुलगी आली असेल अमरावतीहून,
बापलेकीचं काही चाललं असेल, आपण कशाला.
बारा नंबरच्या ठवकर वहिनी तर गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.
बाकीच्या गॅलऱ्या शांत होत्या,
म्हणजे काही नसेल, म्हणून आत गेल्या.
बाकीच्या गॅलऱ्या
ठवकर वहिनींना शांतपणे आत जाताना बघून शांत.

पहाटे काकांनी हाक बदलली.
"सम्यक! अबे सम्यक!"

चार वर्षांत या इमारतीतलं
त्यांना पाठ झालेलं हे एकच नाव.
मेंढ्यांचा नऊ वर्षांचा पोरगा, ज्याच्या चेंडूनं
त्यांच्या तीन कुंड्या आणि कूलरची एक ताटी गेली होती.
रोज संध्याकाळी खिडकीतून,
"थांब सम्यक, तुह्या बापाले सांगतो!"
मी मनात म्हणायची, म्हातारा किती खेकसतो.
(माझा आवाज चढतो तेव्हा मी दमलेली असते.
दुसऱ्याचा चढला की त्याचा स्वभाव.
हेही शिकवते मी. हेही पाच मार्कांना.)

सम्यक धावत खाली आला, तोंडात पेस्टचा फेस,
आणि बंद दारावर दोन्ही हात आपटत ओरडला,
"मी नाही फोडलं, आजोबा! आई शप्पथ, मी झोपलो होतो!"
मग गप्प झाला.
मग त्यानं दाराला कान लावला.

पुढचं सगळं झटपट झालं. पंधरा घरांतून माणसं निघाली,
कोणी पहार आणली, कोणी गाडी काढली,
एवढी चांगली माणसं रात्रभर कुठं होती विचारू नका.
काकांच्या मांडीत आता सळी आहे.
चेंडू आला की खिडकीतून ओरडतात अजून,
पण परत फेकतात.

मी मात्र तेव्हापासून घरातल्या एकाला शोधून राहिले.
"कोणी दूध आत घेईल का?"
"कोणाला पडलंय का माझं, या घरात?"
एकतीस वर्षं मी या कोणीशी भांडतेय,
त्याला जेवायला वाढतेय,
आणि तो काही उठत नाही, हा माझा राग.
दुसरी हाक "अहो".
जिन्यात उभं राहून म्हणा,
चार माणसं वळून बघतात.

काल रात्री टाकी भरली.
सोळा घरं ऐकत होती.
मी भांडी घासता घासता थांबले.
"दिवाकर," म्हणाले, "मोटर बंद कर."

शब्द न वापरलेल्या ताटासारखा निघाला, जरा धुरकट.
त्यानं पेपर खाली केला.
एक चप्पल माझी, एक स्वतःची, तशीच घालून जिना उतरला.
वरचं पाणी थांबलं. थेंब थेंब, मग तेही.
वर यायला त्याला बराच वेळ लागला.
दारात उभा राहिला, श्वास लागलेला,
आणि आत न येताच विचारलं,
"कोणाला म्हणालीस?"