झोन सात

करारनाम्यात त्याचा उल्लेख नव्हता.
जिन्याखाली, मीटरच्या शेजारी,
विटेएवढा पांढरा डबा,
घराबरोबर आलेला.

पहिल्याच रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
तो बोलला,
कुणी जीभ टाळूला लावून सोडावी तसा.
मग दर चाळीस सेकंदांनी.
मी मोजलं. पोस्टातली आहे, मोजायची सवय आहे.

सकाळी स्टुलावर चढले.
पडद्यावर: फॉल्ट ०७.
झाकणाच्या आत बॉलपेननं, सुबक अक्षरात
पुढचं दार, पडवी, माडी,
माजघराची खिडकी, न्हाणी, कोठी.
सातच्या पुढे काहीच नाही,
फक्त पेन दोनदा टेकल्याचे ठिपके.

कंपनीचा पुण्याचा नंबर अस्तित्वात नाही.
चिपळूणचा मुलगा म्हणाला, मास्टर कोड नसेल
तर उखडून टाका मॅडम,
नवीन साडेअकरा हजारात बसवून देतो.
मी १२३४ मारला,
मग पिनकोडचे शेवटचे चार,
मग ०७८६, आणि तो मारताना
माझी मलाच लाज वाटली.

शेवटी दोह्याला फोन लावला.
हमीद परकार आता लेकीकडे असतात.
तीस वर्षं जहाजाच्या इंजिनात काढलेली,
फोनवरही ओरडूनच बोलतात.
कोड लगेच दिला.
सेल कुठला, झाकण कुठे दाबायचं,
दाभोळची खारी हवा स्प्रिंगांचं काय करते,
सगळं तपशिलात.
आणि सात नंबर?
तिकडे कुणीतरी भांडी लावत होतं.
'सात राहू द्या,' हळू म्हणाले.
'म्हणजे, काढलात तरी चालेल.'

रविवारी एकेक सेन्सर उघडला.
पडवीतल्यात मुंग्यांची अंडी,
माडीवरच्यात पालीचं वाळून कागद झालेलं पिल्लू,
न्हाणीतल्याच्या स्प्रिंगांना मोरचुदाचा रंग.
खोडरबरानं घासल्या.
सहा झाले. सात सापडेना.

सापडला दिवेलागणीला,
मागच्या फाटकावर, जिथून पाखाडी
खाडीत उतरते.
सुतळीनं बांधलेली प्लास्टिकची पिशवी,
तिच्या आत जुनी पिशवी, तिच्या आत
त्याहून जुनी,
एकेका पावसाळ्याची एकेक.
फाटकाला कड्या दोन, दोन्ही आतून.
दुसरी इतकी वर
की मला टाचा उंचवाव्या लागल्या.
चोरांना घाबरत असतील, म्हटलं.

सेल दाभोळात मिळत नाही.
बुधवारी चिपळूणच्या एस्टीतून वाहकानं आणून दिला,
बोटाच्या दोन पेरांएवढा, दोनशे ऐंशी रुपये.
बसवला. डबा गप्प.
इतका गप्प, की मलाच करमेना.
जेवण आटोपून कोड मारला
आणि खात्री करायला
फाटक उघडलं.

काय तो आवाज!
जेटीवरची कुत्री उठली,
पलीकडे धोपाव्याची सुद्धा उठली असतील.
मी डब्याकडे धावायच्या आतच
शेजारी दिवा लागला
आणि शेवंती भुवड टॉर्च घेऊन आली,
केस सुटलेले, पायात काही नाही.
माझ्याकडे पाहिलंच नाही.
घराकडेही नाही.
सरळ फाटकातून पाखाडीवर,
उजेड एकेका पायरीवरून खाली,
खाली, पाण्यापर्यंत.
'कंदी ग्येली? लांब ग्येली काय?'

मग टॉर्च वळला,
माझ्या तोंडावर थांबला.
'अगो बाय,' ती म्हणाली. 'तू हायस व्हय.'

मी आत जाऊन चार आकडे दाबले.
बाहेर आले तेव्हा ती पायरीवर बसली होती,
श्वास जागेवर यायची वाट बघत.
मी पाणी दिलं. तिनं अर्धं प्यायलं,
अर्ध्यानं पाय धुतले.
काढून टाकू का हा, मी विचारलं.
ती बराच वेळ खाडीकडे बघत होती.
'ऱ्हाऊ दे,' म्हणाली.

तिचा टॉर्च पिवळा पडत चालला होता.
त्याचे सेल साधे,
इथे दुकानात मिळतात.